धाव थांबल्यावर सुरू होणारा खोकला

पौषातली पहाट, बेळगावची बोचरी कोरडी थंडी. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र १९२२ पासून या शहरात आहे. त्यामुळे सीमाभागातल्या पोरांना भरतीचं वेड जुनंच. १६०० मीटर, साडेपाच मिनिटं, हे गणित त्यांना तोंडपाठ. एखादा वेळेत पोहोचतो, बांधावर टेकतो आणि पाच-दहा मिनिटांत त्याला खोकल्याची उबळ येते. छातीत बारीक शिट्टी वाजते. "स्टॅमिना नाही रे तुझ्यात," म्हणून सोबती मोकळे होतात.

पण कमी स्टॅमिनाची धाप पळताना लागते आणि थांबलं की उतरते. हा त्रास थांबल्यावर वाढतो, अर्ध्या-एक तासाने निवळतो. हा व्यायामाने उफाळणारा दमा असू शकतो.

बसल्या जागी आपण मिनिटाला सहा-सात लिटर हवा घेतो. जीव तोडून धावताना शंभराहून अधिक. एवढी हवा ऊबदार, ओलसर करणं नाकाला झेपत नाही, तोंड उघडतं. कोरडी गार हवा श्वासनलिकांच्या अस्तरातलं पाणी शोषते. तिथल्या पेशी हिस्टामिन, ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात, नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात. त्यात निपाणीच्या वखारींतली तंबाखूची भुकटी, उसाचा पाला पेटवल्याचा धूर. आधीच नाजूक असलेल्या नळ्या आणखी चिडतात.

निदान सोपं आहे. धावण्याआधी आणि नंतर यंत्रात फुंकायचं. पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा १० टक्के किंवा जास्त घटली, की खूण पटली. उपायही हाताशी आहेत: दहा-पंधरा मिनिटं अंग तापवणं, थंडीत नाकातोंडावर रुमाल, डॉक्टरांनी दिलेला पंप. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज सोडायला हवा. त्यातलं औषध मायक्रोग्रॅममध्ये, थेट श्वासनलिकांत जातं. धावपटू पॉला रॅडक्लिफला चौदाव्या वर्षापासून दमा; तिने २००३ मध्ये लंडन मॅरेथॉन २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत जिंकली.

आपली पोरं मात्र भरतीतून बाद होऊ या भीतीने खोकला दाबतात. औषधाविना पळणाऱ्याला एखाद्या पहाटे मोठा अटॅक येऊ शकतो. नोकरीपेक्षा श्वास मोठा.

उद्या पोरगा पळून आला, की तासभर त्याच्याजवळ बसा. खोकला कधी सुरू झाला, किती वेळ टिकला, घड्याळात पाहून लिहून ठेवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा.