चित्र एक, उघडतं भलतंच: ऑफिसच्या कॉम्प्युटरवरच्या शॉर्टकट आयकॉनचा घोळ

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय. ऑफिसात बसून पायऱ्या करून बघायच्या असतील तर हे पान फोनवर उघडं ठेवा.)

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. सकाळी ऑफिसात आलात, कॉम्प्युटर चालू केला, आणि डेस्कटॉपवर अकाउंटिंगच्या सॉफ्टवेअरच्या जागी पांढरा कोरा कागद दिसतोय. किंवा त्याहून भारी, सगळ्याच शॉर्टकटवर पीडीएफ रीडरचं चित्र. ब्राउझर दाबला तरी पीडीएफ रीडर उघडतो, प्रिंटरचं दाबलं तरी तोच.

बहुतेक वेळा हा दोन मिनिटांचा बिघाड असतो. पण कधीकधी तेच चुकीचं चित्र व्हायरसची पहिली खूण असते. दोन्हींतला फरक ओळखता येणं, हा आजचा खरा मुद्दा.

शॉर्टकट म्हणजे नेमकं काय?

आपल्यातल्या बऱ्याच जणांनी आधी स्मार्टफोन हातात घेतला, कॉम्प्युटर नंतर. फोनवर ॲपचा आयकॉन त्या ॲपच्या आतूनच येतो, त्यामुळे तो बिघडताना सहसा दिसत नाही. विंडोजमध्ये तसं नाही. तिथे शॉर्टकट ही स्वतंत्र, छोटीशी फाइल असते. तिच्या नावाच्या शेवटी 'डॉट एलएनके' असतं. ते तुम्हाला कधी दिसत नाही, कारण विंडोज ते मुद्दाम लपवतं. 'फाइलची एक्स्टेन्शन दाखव' असं सेटिंग चालू केलं तरी हे लपलेलंच राहतं.

या फाइलमध्ये मुख्यतः दोन गोष्टी लिहिलेल्या असतात. एक, खरा प्रोग्राम किंवा फाइल कुठे आहे, म्हणजे 'टार्गेट'. दोन, चित्र कुठून आणायचं. हे दोन पत्ते वेगवेगळे असू शकतात, हे नीट लक्षात ठेवा. घराच्या दारावरची पाटी आणि आत राहणारा माणूस, असं समजा. पाटी पुसली गेली म्हणून माणूस घर सोडून जात नाही. आणि पाटीवर जोशी लिहिलंय म्हणून आत जोशीच असतील याचीही खात्री नाही.

आता तिसरी गोष्ट. दर वेळी प्रत्येक चित्र मूळ जागेवरून आणायचं तर कॉम्प्युटर हळू होईल. म्हणून विंडोज एकदा आणलेली चित्रं एका साठ्यात ठेवतं. याला आयकॉन कॅश म्हणतात. हा साठा शिळा झाला किंवा बिघडला, की चित्रं चुकतात.

म्हणजे घोळ तीन जागी होऊ शकतो: पत्त्यात, चित्रात किंवा साठ्यात. चौथी जागाही आहे, तिच्याकडे थोड्या वेळाने येतो.

हात लावण्याआधी तीन प्रश्न

पहिला: एकच आयकॉन चुकलाय की सगळे?
दुसरा: डबल क्लिक केल्यावर योग्य तेच उघडतं का?
तिसरा: त्याच कॉम्प्युटरवर दुसऱ्या कुणी आपल्या लॉगिनने बघितलं तर त्यांनाही असंच दिसतं का?

डॉक्टर आधी 'कधीपासून, कुठे दुखतं' विचारतात ना, तसंच हे. उत्तरं मिळाली की पुढचं सोपं आहे.

प्रकार १: चित्र चुकीचं, पण उघडतं बरोबर

हा कॅशचा घोळ. आधी सोपे उपाय. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'विंडोज एक्सप्लोरर' शोधा, उजवी क्लिक करा आणि 'रीस्टार्ट' दाबा. टास्कबार क्षणभर गायब होईल आणि परत येईल. घाबरू नका.

नाही जमलं तर विंडोजचं बटण आणि आर दाबून 'रन'ची चौकट उघडा. विंडोज १० किंवा ११ असेल तर इंग्रजीत टाइप करा: आय, ई, आकडा ४, यू, आय, एन, आय, टी, डॉट, ई, एक्स, ई. मग एक स्पेस, मग वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून 'शो'. एंटर. ही विंडोजचीच छोटी फाइल आहे, ती आयकॉन ताजे करायला सांगते. स्क्रीनवर काही दिसणार नाही, तसंच अपेक्षित आहे.

तरीही हट्ट सोडत नसेल तर साठाच पुसायचा. हा साठा तुमच्या युजरच्या 'ॲपडेटा'मधल्या 'लोकल' फोल्डरात असतो. तिथून 'मायक्रोसॉफ्ट', मग 'विंडोज', मग 'एक्सप्लोरर' असं आत गेलात, की 'आयकॉनकॅश'ने सुरू होणाऱ्या बऱ्याच फाइली दिसतील. वेगवेगळ्या आकारांच्या चित्रांसाठी वेगवेगळ्या फाइली. एक्सप्लोरर चालू असताना त्या सहसा पुसता येत नाहीत. म्हणून आधी कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या फोल्डरात जा, मग टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करा, आणि आयकॉनकॅशने सुरू होणाऱ्या फाइली डिलीट करा. शेवटी टास्क मॅनेजरच्या 'रन न्यू टास्क'मधून 'एक्सप्लोरर' पुन्हा सुरू करा. यात तुमची कुठलीही कामाची फाइल जात नाही. विंडोज नवा साठा आपोआप बांधतं.

प्रकार २: एकच आयकॉन पांढरा, आणि उघडतही नाही

इथे पत्ता तुटलाय. आयकॉनवर उजवी क्लिक, 'प्रॉपर्टीज', आणि 'शॉर्टकट' टॅबमध्ये 'टार्गेट' वाचा. त्या जागी प्रोग्राम आहे का बघा. ऑफिसात याची दोन कारणं नेहमीची.

एक, नेटवर्क ड्राइव्ह. पत्ता झेड ड्राइव्हने किंवा दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होत असेल, तर प्रोग्राम सर्व्हरवर आहे. सकाळी लॉगिन होताना नेटवर्क जोडलं गेलं नसेल, किंवा घरून काम करताना व्हीपीएन लावलं नसेल, तर पांढरा कागद दिसणारच. नेटवर्क जोडा, ड्राइव्ह एकदा उघडा, मग बघा. कधी प्रोग्राम आपल्याच कॉम्प्युटरवर असतो, फक्त चित्र सर्व्हरवर असतं. तेव्हा चित्राची फाइल स्वतःच्या डिस्कवर कॉपी करायची आणि 'चेंज आयकॉन'मधून तिचा पत्ता द्यायचा. रोजची कटकट संपली.

दोन, वनड्राइव्ह. डेस्कटॉपचा बॅकअप चालू असेल आणि तुम्ही दोन मशीनवर एकच अकाउंट वापरत असाल, तर लॅपटॉपवरचे शॉर्टकट ऑफिसच्या डेस्कटॉपवरही येतात. शॉर्टकट येतो, प्रोग्राम येत नाही. पाटी आली, घर तिकडेच राहिलं. असा शॉर्टकट डिलीट करताना मात्र जपून, कारण तो दुसऱ्या मशीनवरूनही जाईल.

प्रकार ३: सगळ्यांवर एकच चित्र, सगळं एकाच प्रोग्राममध्ये उघडतं

हीच ती चौथी जागा. कुठल्या प्रकारची फाइल कशात उघडायची, याची नोंद विंडोज ठेवतं. डॉट एलएनके फाइल कुठल्याच प्रोग्रामने उघडायची नसते, विंडोजने फक्त तिच्यातला पत्ता वाचायचा असतो. पण कुणीतरी 'ओपन विथ' करून पीडीएफ रीडर किंवा नोटपॅड निवडलं आणि 'नेहमी हेच वापर' वर टिक केली, की सगळे शॉर्टकट त्याच्या नावावर होतात. विंडोज ७ च्या काळात हा प्रकार फार व्हायचा. स्टार्ट मेनूही शॉर्टकटवरच चालतो, त्यामुळे तोही बिघडल्यासारखा वाटतो.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे उपयोगी पडतं. ही नोंद फक्त तुमच्या लॉगिनची असते. दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये सगळं ठीक दिसलं, तर निदान जवळजवळ पक्कं.

उपाय रजिस्ट्रीत आहे. 'रन'मधून 'रेजएडिट' उघडा. शॉर्टकट बिघडले असले तरी 'रन' चालतं, कारण ते थेट प्रोग्रामला हाक मारतं. 'एचकी करंट युजर'खाली सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंटव्हर्जन, एक्सप्लोरर, फाइलएक्स्ट्स असं जाऊन 'डॉट एलएनके' शोधा. त्यातली फक्त 'युजरचॉइस' ही की काढायची. त्याआधी 'एक्स्पोर्ट' करून प्रत ठेवा. मग लॉगआउट आणि लॉगिन. ऑफिसात रजिस्ट्री बंद ठेवलेली असेल तर आयटीवाल्यांनाच करू द्या. ती बंद असायला कारण आहे.

प्रकार ४: शॉर्टकट ठीक, पण एक्सेल-पीडीएफ फाइलींची चित्रं बदलली

हा बिघाडच नाही. नवं सॉफ्टवेअर आलं आणि त्याने 'आजपासून पीडीएफ मी उघडणार' असं ठरवलं. सेटिंग्ज, ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स इथे जाऊन पूर्वीचा प्रोग्राम निवडा. वेबसाइटचे शॉर्टकटही असेच. ते 'डॉट यूआरएल' फाइली असतात आणि सहसा डीफॉल्ट ब्राउझरचं चित्र घेतात. ब्राउझर बदलला की चित्रं बदलली.

आता गंभीर भाग: चित्र खोटं बोलतं तेव्हा

झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्ह लावून आणला, आणि त्यातले सगळे फोल्डर शॉर्टकट झालेत, हे कॉलेजात कुणी पाहिलं नसेल असं होणार नाही. व्हायरस काय करतो? तुमचे खरे फोल्डर लपवतो आणि त्यांच्या नावाचे, फोल्डरचंच चित्र लावलेले शॉर्टकट ठेवतो. तुम्ही क्लिक करता, आधी व्हायरस चालतो आणि मग फोल्डर उघडतो. संशयही येत नाही.

म्हणून एक नियम: आयकॉनच्या कोपऱ्यातला छोटा बाण बघायचा. बाण म्हणजे शॉर्टकट. पेन ड्राइव्हवरच्या फोल्डरला बाण असायचं कारणच नाही. ईमेलमधून आलेल्या 'इनव्हॉइस'ला पीडीएफचं चित्र आहे आणि सोबत बाणही आहे, तर क्लिक करू नका. चित्र कुणीही कुठलंही लावू शकतं, आणि डॉट एलएनके तर लपलेलं असतं. शोभेसाठी तो बाण काढून टाकायच्या युक्त्या इंटरनेटवर मिळतात, त्या म्हणूनच वापरू नका.

फाइली गेल्या असं समजून पेन ड्राइव्ह फॉरमॅटही करू नका. त्या बहुतेक वेळा आतच असतात. आधी अँटिव्हायरसने स्कॅन करा, मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवा. शिवाय 'सुरक्षित सिस्टिम फाइली लपवा' ही टिकही काढा, कारण व्हायरस त्यांना सिस्टिम फाइल म्हणून खूण करतो. नुसतं पहिलं सेटिंग पुरत नाही.

हे प्रकरण किती वर जाऊ शकतं, ऐका. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा व्हायरस सापडला. त्याचं लक्ष्य होतं इराणच्या नतान्झ इथलं युरेनियम समृद्धीकरणाचं केंद्र. तो पेन ड्राइव्हमधून पसरायचा आणि शॉर्टकटचं चित्र दाखवण्याच्या विंडोजच्या पद्धतीतली त्रुटी वापरायचा. क्लिक करायचीही गरज नव्हती, फोल्डर उघडून आयकॉन नुसता दिसला तरी पुरे. दुरुस्ती येईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सुचवलेला तात्पुरता उपाय होता, शॉर्टकटची चित्रं दाखवणंच बंद करायचं. म्हणजे त्या काळात एखाद्या ऑफिसात सगळे आयकॉन पांढरे दिसत असतील, तर तो बिघाड नाही, बंदोबस्त असू शकत होता! ऑगस्ट २०१० मध्ये दुरुस्ती आली.

आणि उलटंही होतं. १३ जानेवारी २०२३ रोजी मायक्रोसॉफ्ट डिफेंडरच्या एका अपडेटमुळे अनेक कंपन्यांत चांगले शॉर्टकटच धोकादायक समजून डिलीट झाले. लोकांना वाटलं, सॉफ्टवेअर गेलं. प्रोग्राम जागेवरच होते, गेल्या होत्या फक्त पाट्या. हे माहीत असलेल्याने त्या दिवशी थेट प्रोग्रामच्या फोल्डरात जाऊन काम चालू ठेवलं असतं.

काय करू नका, आणि आयटीला काय सांगाल

'आयकॉन रिपेअर' नावाची फुकट सॉफ्टवेअर उतरवू नका. वर सांगितलेलं सगळं विंडोजमध्येच आहे. शॉर्टकट डिलीट करण्याआधी टार्गेटचा फोटो काढून ठेवा. आणि बाण आहे ना, हे बघूनच डिलीट करा. बाण नसेल तर ती खरी फाइल आहे, कदाचित महिन्याची पगाराची शीट. एक आयकॉन बदलताना ॲडमिनचा पासवर्ड मागितला, तर तो 'पब्लिक डेस्कटॉप'वरचा आहे, म्हणजे त्या मशीनवर सगळ्यांना दिसणारा. तिथे स्वतः काही करू नका.

आयटीला 'आयकॉन खराब झालाय' एवढंच लिहिलंत तर तुमचं तिकीट रांगेच्या शेवटी जाणार. त्याऐवजी असं लिहा: 'फक्त एक शॉर्टकट पांढरा दिसतो, क्लिक केल्यावर उघडत नाही, टार्गेट झेड ड्राइव्हवरचं आहे, शेजारच्या लॉगिनमध्येही तसंच, काल संध्याकाळपर्यंत ठीक होतं.' पाच तुकडे, पण समोरच्याचं अर्धं काम तुम्ही केलंत. आणि पेन ड्राइव्ह किंवा अनोळखी ईमेलनंतर हे सुरू झालं असेल, तर ते पहिल्या ओळीत लिहा. नेटवर्कची वायर काढा, वायफाय बंद करा आणि थेट फोन करा.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या डेस्कटॉपवरचा कुठला आयकॉन छळतोय ते व्हॉइस नोटवर पाठवा, वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं जोडायला विसरू नका. पुढच्या भागात बोलू प्रिंटरवर. तो 'ऑफलाइन' का म्हणतो, समोर चालू दिसत असताना? भेटूच!