जुन्या मोटारीची वीजव्यवस्था आणि तिचा योग्य कारागीर

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमियर पद्मिनी ज्यांच्या दारी अद्याप उभी आहे, त्यांनी दिवे मंदावताच नवी बॅटरी घेण्याची घाई न करता, पक्कड हाती धरण्यापूर्वी मालकाची कैफियत सविस्तर ऐकून मग मल्टिमीटर काढणारा ऑटो इलेक्ट्रिशियन प्रथम शोधावा.

पूर्ण चार्ज झालेली बॅटरी इंजिन बंद असता सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. इंजिनाचा वेग वाढविल्यावर हा आकडा १४ च्या आसपास न गेल्यास दोष डायनामोत, रेग्युलेटरमध्ये की सैल पट्ट्यात, याची जाणता कारागीर क्रमवार खातरजमा करतो. हेडलाइट लावून तो बॅटरीचे ऋण टोक आणि बॉडीचा पत्रा यांमधील व्होल्टेज मोजू लागला, तर बेलाशक विश्वास ठेवावा; कारण तेथे आकडा शून्यालगत असावयास हवा, आणि जुन्या गाड्यांच्या पुष्कळशा व्याधींचे मूळ गंजलेल्या अर्थिंगमध्येच असते.

याउलट, वारंवार उडणाऱ्या फ्यूजच्या जागी जो जाड तार गुंडाळून देतो, त्याच्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये. ती दुरुस्ती नव्हे, आगीस आमंत्रण आहे.

बदललेल्या वायरचा रंग मूळचाच राहील असा आग्रह धरावा आणि कामाचा तपशील लिहून घ्यावा, म्हणजे पुढील खेपेस शोधाशोध व मजुरी दोन्ही वाचतात.