लॉर्ड्स, तालीम आणि तमाशाचा फड

जुलै २०११, लॉर्ड्स कसोटीचा पहिला दिवस. श्रीरामपूरच्या झहीर खानने १३.३ षटकांत १८ धावा देऊन २ बळी घेतले आणि मांडीमागचा स्नायू दुखावल्याने तो षटक अर्धवट टाकून बाहेर गेला. त्या मालिकेत तो पुन्हा गोलंदाजीला आला नाही. भारत ०-४ असा हरला. त्याच वर्षीच्या विश्वचषकात त्याने २१ बळी घेतले होते. विश्वचषक संपताच आयपीएल सुरू झाली होती.

अशा वेळी आपण नशिबाला बोल लावतो. मला ते पटत नाही. विलेम व्हान मेखेलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२मध्ये खेळातल्या दुखापतींवरच्या संशोधनाची साधी वाट आखून दिली: दुखापती मोजा, त्यांचे कारण शोधा, उपाय करा आणि पुन्हा मोजा. याच वाटेने मांडीमागच्या स्नायूचे कोडे बरेचसे सुटले. वेगात धावताना पाय पुढे झेपावतो तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावत असतो, आणि तिथेच तो फाटतो. म्हणून गुडघ्यांवर बसायचे, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे आणि धड सावकाश पुढे झुकवत न्यायचे. ‘नॉर्डिक’ नावाच्या या व्यायामाने अशा दुखापती जवळपास निम्म्या होतात, असे २०१९च्या एकत्रित आढाव्यात दिसले. यंत्र नको, पैसा नको. तालमीतल्या जोर-बैठकांच्या रांगेत तो सहज बसेल.

क्रीडासंशोधक टिम गॅबेट यांनी २०१६मध्ये मांडलेला मुद्दाही आपल्या कामाचा आहे. कष्टापेक्षा कष्टात अचानक होणारी वाढ घातक असते. ताज्या आणि नेहमीच्या कष्टांचे गुणोत्तर त्यांनी मांडले; त्यावर पुढे जोरदार आक्षेप आले, तरी मूळ इशारा मला रास्त वाटतो. जत्रांचा हंगाम लागला की पैलवान या गावच्या फडातून त्या गावच्या फडात उतरतो. अंग मोकळे व्हायला मध्ये दिवसच उरत नाही. २०२५ची महाराष्ट्र केसरी अहिल्यानगरला झाली ती माती आणि मॅट अशा दोन्ही गटांत, गावोगावची कुस्ती मात्र मातीतच. कुस्तीत रगडून फुगलेला कान पैलवान मानाने मिरवतो. पण कानात साकळलेले रक्त डॉक्टरांकडून वेळीच काढून घेतले आणि कान दाबून बांधला, तर त्याचा आकार बहुधा वाचतो.

कलावंतांचे काय? परदेशात बॅले नर्तकांच्या घोट्यांवर आणि नडग्यांवर बरेच संशोधन झाले आहे. आपल्याकडे मात्र तमाशा आहे: संगमनेर हे तमाशा कलावंत कांताबाई सातारकरांच्या फडाचे गाव. दसऱ्यापासून वैशाखापर्यंत तमाशाचा हंगाम चालतो: पायांत घुंगरांचे ओझे, खाली फळ्यांचा रंगमंच, रात्रभर खेळ आणि लगेच पुढच्या गावचा प्रवास. हे श्रम कोणत्याही खेळाडूच्या श्रमांइतकेच आहेत, आणि त्या पायांची काळजीही तितक्याच गांभीर्याने घेतली पाहिजे.

वस्तादांना आणि फडमालकांना माझी विनंती आहे: या हंगामात एक वही ठेवा. तारीख, दुखावलेला अवयव, त्या वेळी काय चालले होते आणि किती दिवस काम बंद राहिले, एवढेच लिहा. पुढच्या दसऱ्याला ती वही घेऊन जिल्ह्यातल्या एखाद्या अस्थिरोगतज्ज्ञासमोर बसा.