मनगट धरलं तर काय कराल?

ताईंनो, लेकीला आपण "जपून जा" म्हणतो. कसं जपायचं ते सांगत नाही. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी कराटेसारख्या स्वसंरक्षण प्रशिक्षणाची तरतूद आहे. आपल्या शाळेत ते होतं का, शाळा व्यवस्थापन समितीत विचारा.

आणि आपणही शिकूया. कुणी मनगट धरलं तर हात सरळ मागं ओढू नका. धरणाऱ्याचा अंगठा जिकडं आहे, तिकडून झटक्यात हात सोडवा. चार बोटांपेक्षा एकट्या अंगठ्याची पकड कच्ची असते. मोठ्यानं ओरडा, सुटताच पळा, 112 ला फोन लावा. मारामारी जिंकायची नाही, निसटायचं आहे.

नुसतं वाचून हे जमत नाही. येत्या बैठकीत बचत जमा झाली की दोघी-दोघींनी दहा-दहा वेळा करून बघा. मग घरी लेकीला शिकवा, लेकालाही.