कॉलर माइकची पंधरा वर्षं

कमी पैशांत सिनेमा करणाऱ्यांच्या साधनांचा इतिहास बहुतेक वेळा कॅमेऱ्यांचा इतिहास म्हणूनच सांगितला जातो. सप्टेंबर २००८ मध्ये कॅननने फाइव्ह-डी मार्क टू जाहीर केला आणि फोटो काढायच्या कॅमेऱ्यात मोठ्या सेन्सरवरचं फुल एचडी चित्रण आलं. २०१३ मध्ये ब्लॅकमॅजिकने ९९५ डॉलरला खिशात मावणारा सिनेमा कॅमेरा काढला, पुढच्याच वर्षी सोनीच्या ए-सेव्हन-एसने अंधाराची भीती घालवली, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत ‘टँजरिन’ हा अख्खा चित्रपट आयफोनवर चित्रित होऊन थिएटरात लागला. यातलं काही खोटं नाही. पण घोड भीमेला मिळते त्या भागात, म्हणजे शिरूर, दौंड आणि नदीपलीकडच्या श्रीगोंद्यात उभं राहून मागे पाहिलं, तर ही गोष्ट अर्धीच वाटते. इथल्या माणसांचा सिनेमा इथेच होऊ लागला त्याचं मोठं श्रेय जागेवरचा आवाज जागेवरच धरणाऱ्या साधनांना द्यायला हवं. ती कॅमेऱ्यामागून आली, त्यांचा गाजावाजा कमी झाला, आणि बजेटच्या कागदावर ती आजही तळालाच असतात.

हे पटण्यासाठी फिल्मच्या काळात जावं लागतं. पस्तीस एमएमचं चारशे फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आत संपायचं. आपल्याकडे बाहेरच्या चित्रणाला सर्रास वापरला जाणारा ॲरी टू-सी कॅमेरा चालताना एवढा खडखडायचा, की त्याच्याजवळ बोललेलं वाक्य पडद्यावर जाण्यालायक राहतच नसे. जागेवर नुसता पायलट ट्रॅक, म्हणजे डबिंगच्या आधारापुरता कच्चा आवाज, घ्यायचा आणि नंतर स्टुडिओत डबिंग करायचं, हा रिवाज त्यातून पडला आणि गरज सरल्यावरही टिकला. २००१ मध्ये ‘लगान’ने कच्छच्या माळावर सिंक साउंड, म्हणजे चित्रणाबरोबरच घेतलेला जागेवरचा आवाज, वापरला, तर ती बातमी झाली. आता कोणी म्हणेल, डबिंगने मराठी ग्रामीण सिनेमाचं काय बिघडलं? दादा कोंडक्यांचे चित्रपट डब केलेलेच होते की, आणि ते महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. खरं आहे. पण दादा कोंडके, निळू फुले ही मंडळी लोकनाट्यातून आलेली होती. शब्द कधी टाकायचा, कुठे ओढायचा, श्वास कुठे चोरायचा हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. अंधाऱ्या खोलीत पडद्यावरच्या आपल्याच ओठांशी शब्द जुळवणं ही वेगळी कारागिरी आहे आणि ती त्यांना जमत होती. न्हावऱ्याच्या मेंढपाळाला किंवा यवतच्या गुऱ्हाळावरच्या गुळव्याला ती कशी जमावी? कधीच कॅमेऱ्यापुढे न आलेला माणूस एखाद्या क्षणी खरा बोलून जातो. ते बोलणं तीन महिन्यांनी पुण्यातल्या बूथमध्ये परत मागितलं, तर तो धडा म्हणून दाखवतो. कमी पैशांचा सिनेमा म्हणजे गावातलीच माणसं नट, आणि गावातली माणसं नट म्हणजे जागेवरचा आवाज. या साखळीतली शेवटची कडी जुळेपर्यंत आधीच्या दोन्हींचा उपयोग नव्हता.

डीएसएलआरने ही कडी जुळवली नाही, उलट अडचण उघडी केली. फाइव्ह-डी मार्क टूला हेडफोन लावायची सोयच नव्हती. आवाजाची पातळी हाताने ठरवायची मुभाही मार्च २०१० च्या फर्मवेअरमध्ये मिळाली. तोवर कॅमेरा ती स्वतःच ठरवायचा, आणि त्याचा खेडेगावात काय परिणाम होतो हे नीट पाहण्यासारखं आहे. रात्रीचा प्रसंग, बाप आणि मुलगा ओट्यावर. बाप बोलतो, थांबतो. थांबला की कॅमेऱ्याला वाटतं आवाज कमी झाला, म्हणून तो आपोआप पातळी चढवतो: रातकिडे उसळून वर येतात, मागून विहिरीवरच्या मोटरची घरघर येते, त्याच्याही खालून कॅमेऱ्याचीच फस्स अशी खरखर. मुलाने तोंड उघडलं की हे सगळं पुन्हा खाली दबतं. चित्र मोठ्या सिनेमासारखं आणि आवाज लग्नाच्या कॅसेटसारखा, अशा लघुपटांचा त्या दोन-तीन वर्षांत पूर आला होता. २००९ मध्ये आलेला झूम एच-फोर-एन इथे कामाला आला: हातात मावणारा रेकॉर्डर, खाली दोन एक्सएलआर जोड, बूमच्या माइकला लागणारी वीज तोच पुरवणार. क्लॅप वाजवायची आणि संकलनात आवाज नि चित्र जुळवायचं. मागून बोयाचा सहा मीटर वायरचा कॉलर माइक इतका स्वस्त झाला, की कॉलेजची पोरं वर्गणी काढून घेऊ लागली. २०१९ मध्ये रोडच्या वायरलेस गोने ती वायरही काढून टाकली.

या सगळ्याचं वजन ‘ख्वाडा’ने दाखवलं. त्याचे दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडे हे श्रीगोंदा तालुक्यातले. नदी ओलांडली की शिरूर. धनगर कुटुंबाच्या भटकंतीवरचा हा त्यांचा पहिला चित्रपट २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. त्याआधीच ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला होता, आणि दुसरा पुरस्कार होता जागेवरच्या ध्वनिमुद्रणाचा. देशभरातल्या त्या वर्षीच्या चित्रपटांतून लोकेशन साउंडसाठी निवड झाली ती मेंढरांच्या, माळरानाच्या, वाऱ्याच्या चित्रपटाची. कौतुकाच्या लेखांत याचा उल्लेख एका ओळीत उरकला गेला. माझ्या मते मात्र ‘ख्वाडा’ कशामुळे उभा राहिला याचं उत्तर त्या एका ओळीतच आहे. शशांक शेंडे यांच्यासारखा मुरलेला नट आणि आजूबाजूची नवखी माणसं एकाच चौकटीत विजोड वाटत नाहीत, कारण सगळ्यांच्या बोलण्यामागे हवा तीच आहे. डबिंगमध्ये नेमकी ती हवाच हरवते.

‘ख्वाडा’वरूनच माझ्या म्हणण्याला आक्षेपही घेता येतो. कऱ्हाड्यांनी या चित्रपटासाठी जमीन विकली होती. साधनं एवढी स्वस्त झाली होती, तर ती का विकावी लागली? उत्तर असं, की साधन स्वस्त झालं तरी दिवस स्वस्त झाला नाही. पन्नास माणसांचं दोन वेळचं जेवण, गाड्या, मेंढरं, ऊन उतरेपर्यंतची वाट पाहणं आणि शेवटी प्रदर्शन, यांचे भाव कोणत्याही कंपनीने उतरवलेले नाहीत. याच दिग्दर्शकाच्या ‘टीडीएम’ला २०२३ मध्ये पुरेसे खेळ मिळेनात, तेव्हा कॅमेरा कोणता होता याने काही फरक पडला नाही. पण आवाजाचा हिशेब इथेही लागू पडतो. डबिंग म्हणजे सगळ्या नटांना पुन्हा गोळा करायचं, स्टुडिओचं भाडं भरायचं, पुन्हा दिवस मोडायचे. ज्याच्याकडे पैसा मोजका आहे त्याने तो एकदाच, जागेवर खर्चावा यात शहाणपण होतं.

प्रकाशाच्या साधनांकडेही मी याच बाजूने पाहतो. मोठे एचएमआय दिवे म्हणजे जनरेटर, आणि जनरेटर म्हणजे शंभर पावलं लांब उभा केला तरी ऐकू येणारी धडधड. शेतीपंपाची वीज कधी दिवसा, कधी रात्री. तिच्या भरवशावर दिवे लावायची सोय नाहीच. बॅटरीवर चालणारे एलईडी आले तेव्हा लोकांनी प्रकाशाचं कौतुक केलं. खरी कमाई शांततेची होती. (तीही पूर्ण नव्हे. गोडॉक्सच्या लोकप्रिय एसएल-सिक्स्टी दिव्याचा पंखा माइकला बरोबर ऐकू जातो, ही सार्वत्रिक तक्रार आहे.) अंधारात पाहणाऱ्या कॅमेऱ्यांचं म्हणाल, तर शिरूर तालुक्यात उसाच्या कडेला रात्री चित्रण करण्याआधी सेन्सरपेक्षा बिबट्याचा विचार करावा लागतो.

सर्वांत जड आक्षेप वेगळाच आहे: कॅमेरा स्वस्त झाला नसता, तर आवाजाचा प्रश्न पडलाच नसता. हे मान्य करायलाच हवं. मेमरी कार्डामुळे नवख्या माणसाला दहावा टेक देता आला. साडेचार मिनिटांच्या रिळावर ते परवडणारं नव्हतं. नागराज मंजुळे यांचा ‘पिस्तुल्या’ नगरच्या कॉलेजातला विद्यार्थिप्रकल्प म्हणून होऊ शकला, त्यामागे हा मोकळेपणा होताच. पण पहिलं कारण हेच पुरेसं कारण, असं होत नाही. २०१२-१३ च्या सुमारास चित्राचा प्रश्न इथल्या गरजेपुरता सुटला होता. फोर-के, सिक्स-के, स्लो मोशन, ड्रोन यांनी नंतर भर घातली ती बहुतेक सजावटीची. उसाच्या फडावरून, मग भीमेच्या पुलावरून जाणारा ड्रोन शॉट आता इतका सराईत झाला आहे की तो काहीच सांगत नाही. उलट शेजारच्या बारामती तालुक्यात कांबळेश्वरला ‘चांडाळ चौकडीच्या करामती’सारखी यूट्यूब मालिका जमली ती बोलण्याच्या जोरावर. असं काही लोक गोठ्यात, ट्रॅक्टरवर, फोन खिशात ठेवूनही ऐकतात. चित्र थोडं फिकं असलं तरी चालतं, वाक्य कळलं नाही तर बोट पुढच्या व्हिडिओकडे जातं.

आता नवी मांडणी येते आहे: आवाज कसाही घ्या, सॉफ्टवेअर साफ करून देईल. दा विंची रिझॉल्व्हसारख्या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बोलणं वेगळं काढायची सोय आली आहे, आणि २०१९ च्या झूम एफ-सिक्सपासून थर्टी-टू-बिट फ्लोट रेकॉर्डर पातळी चुकली तरी सांभाळून घेतात. दोन्ही उपयोगी आहेत, पण माइक तोंडापासून लांब असेल तर कोणताही फ्लोट तो जवळ आणत नाही. सफाईचं सॉफ्टवेअर गोंगाटाबरोबर जागाही पुसतं. मोराची चिंचोलीत घेतलेल्या प्रसंगातून मोराची केका काढून टाकली, दौंडच्या प्रसंगातून लांबच्या मालगाडीची शिट्टी काढली, तर स्वच्छ उरतं ते कुठल्याही गावचं बोलणं. मग त्यासाठी चिंचोलीला जायचं कशाला? यापेक्षा व्यवहारी अडचण माणसाची आहे. तालुक्याच्या ठिकाणी कॅमेरे भाड्याने मिळतात, ते चालवणारी पोरं लग्नांच्या कामातून तयार झालेली असतात. बूम धरणारा, हेडफोन लावून ‘पुन्हा घ्या, मोटर चालू झाली’ असं दिग्दर्शकाला तोंडावर सांगणारा माणूस मात्र अजून मुंबई-पुण्याहून आणावा लागतो, आणि पैसे कमी पडले की आधी त्यालाच नको म्हणून कळवलं जातं.