शिकवलेला माणूस अडवून ठेवता येतो का?

या आठवड्याचा व्हिडिओ पाहिला असेल, तर चिखलदऱ्याचे ते रिसॉर्टवाले मालक तुमच्या लक्षात असतील. ज्यांचा राहिला, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

जुलैचा शेवट. दरीतून धुकं वर येतंय, परतवाड्याकडून घाटात गाड्यांची रांग लागलीय, मालकांच्या बाराही खोल्या शनिवार-रविवारसाठी फुल्ल. आणि हे तोंड पाडून बसलेले. "सर, त्या पोराले म्या कांदा कापण्यापासून शिकवलं. आता वरच्या हॉटेलवाल्यानं त्याले मुख्य आचारी म्हणून भेटाले बोलावलं. म्या सुट्टीच देत नाही. जाऊन तं दाखवाव त्यानं!" पोरगा चार वर्षं त्यांच्याकडे मदतनीस. कागदावर एक ओळ सही करून घेतलेली: काम सोडल्यावर दोन वर्षं चिखलदऱ्यात दुसरीकडे काम करायचं नाही.

तुमच्यापैकी किती जणांच्या फाईलमध्ये अशी ओळ आहे? असू द्या, हात वर करू नका.

आता जरा लांब जाऊ. अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला नव्हे, चेंडू हातात घेऊन पळायचा खेळ. त्यांच्या एनएफएल लीगमध्ये 32 संघ. प्रत्येक संघाचा एक मुख्य प्रशिक्षक, त्याच्या खाली आक्रमण आणि बचाव सांभाळणारे को-ऑर्डिनेटर, आणि त्यांच्या खाली सहायकांची फौज. 2020 पर्यंत नियम असा होता, की करारात असलेला सहायक दुसऱ्या संघात को-ऑर्डिनेटरच्या मुलाखतीला निघाला, तर त्याचा संघ त्याला अडवू शकायचा. मुख्य प्रशिक्षकाच्या मुलाखतीला मात्र अडवता येत नसे. ऐकायला उदार वाटतं ना? पण मुख्य प्रशिक्षक बहुतेक वेळा को-ऑर्डिनेटरमधूनच निवडतात. मधली पायरीच काढून घेतली, तर वरचा दरवाजा उघडा ठेवून उपयोग काय? निम्म्याहून जास्त खेळाडू कृष्णवर्णीय, पण मुख्य प्रशिक्षक बोटांवर मोजण्याइतके, ही ओरड त्यातूनच वाढत गेली.

मे 2020 मध्ये संघमालकांनी नियम बदलला. खरं प्रमोशन असेल तर अडवायचं नाही. 'खरं' हा शब्द महत्त्वाचा, नुसतं पद मोठं करून माणूस पळवला तर ते चालत नाही. त्याच पातळीवरची नोकरी असेल, तर करार संपेपर्यंत आजही अडवता येतं. मला जास्त आवडला तो त्याच वर्षी नोव्हेंबरमधला निर्णय: अल्पसंख्याक समाजातला तुमचा माणूस दुसरीकडे मुख्य प्रशिक्षक झाला, तर तुमच्या संघाला नवे खेळाडू निवडायची जादा संधी. म्हणजे ज्यानं शिकवलं, त्याच्याही पदरात काहीतरी पडलं.

आपल्याकडे काय? भारतीय करार कायदा, 1872, कलम 27. कायदेशीर धंदा-व्यवसाय करण्यापासून कुणाला रोखणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. (धंदा गुडविलसकट विकला, तर विकणाऱ्यावर वाजवी बंधन घालता येतं. तो वेगळा विषय.)

श्रीरामपूरच्या झहीर खानचं प्रकरण बघा. परसेप्ट कंपनीशी त्याचा तीन वर्षांचा करार 2003 मध्ये संपला. पण कागदात लिहिलेलं होतं, की पुढे दुसऱ्याची ऑफर आली तर ती आधी आमच्यापुढे ठेवायची. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, करार संपल्यावर अशी अट चालणार नाही.

पण लगेच हुरळून जाऊ नका. कल्याणच्या सेंचुरी रेयॉनमधले निरंजन गोळीकरी पाच वर्षांचा करार अर्धाही झाला नसताना सोडून कोट्याच्या स्पर्धक कंपनीत गेले. 1967 मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीचं म्हणणं मान्य केलं. करार चालू असतानाचं बंधन वेगळं, संपल्यानंतरचं वेगळं.

म्हणजे आपल्या मालकांची दोन वर्षांची ओळ कोर्टात टिकायची नाही. नोटीसचा काळ मात्र ते मागू शकतात. आणि त्यांना खरी भीती कशाची होती? दोन वर्षांची नव्हेच. ऐन पावसाळ्यात शनिवारी चूल कोण पेटवणार, याची! ते विचारलं तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

मग आम्ही जुना कागद बाजूला ठेवून नवा लिहिला. ती ओळ खोडली. जुलै ते सप्टेंबर नोटीस 45 दिवस, बाकीच्या वर्षात 30. नोटीसच्या काळात नव्या माणसाला शिकवलं, तर जाताना अर्ध्या महिन्याचा पगार वर. पोराला वाचून दाखवला, त्यानं दोन प्रश्न विचारले आणि मग सही केली. (तुमचा कागद करताना वकिलाला एकदा दाखवाच.) मुलाखतीला मंगळवारी जा, म्हणाले. मंगळवारी गर्दी नसते.

शुक्रवारी त्यांचा फोन आला. "सर, थो चालला बरं. पण पंधरा सप्टेंबरलोक आपल्याकडेच हाय. नवा पोरगा त्याच्याच हाताखाली लावला. भाजी जरा खारट झाली आज."