खाचेत अडकलेला थेंब

सकाळी ८. विष्णुपुरीत ऊन चढायच्या आत प्रयोगशाळेतली जोडणी उरकलेली बरी. इंधनघट तळहाताएवढा. मध्ये नाफियॉनचा पडदा, दोन्ही अंगांना प्लॅटिनमचा थर, वर कार्बन पेपर, बाहेरून खाचा कोरलेल्या ग्रॅफाइटच्या प्लेटा. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळायचे. सैल राहिले तर प्लेट नीट टेकत नाही, वायू गळतो. जास्त पिळले तर कार्बन पेपर चेपून त्याची छिद्रं मिटतात. पाना हातात आला की पोरं जोर लावतातच!

९.३०. आधी नायट्रोजन सोडून गळतीची तपासणी. हायड्रोजनला वास नाही, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही. इथे घाई चालत नाही.

१०.३०. घट ६५ अंशांवर, वायू दमट करून आत. पडदा सुकला तर प्रोटॉन पुढे सरकत नाहीत.

११. पुस्तकातला व्होल्टेज १.२३, भार नसतानाही मीटर एकच्या खालीच. भार वाढवला की आणखी उतरतो.

१२. आज समांतर खाचांची प्लेट. कमी प्रवाहाला छान चालली, मग आकडा थरथरू लागला.

"सर, हायड्रोजन कमी पडतोय का?"

नाही, पाणी जास्त झालंय. ऑक्सिजनच्या बाजूला तयार झालेलं पाणी एका खाचेत थेंब होऊन बसलं, की हवा शेजारच्या खाचांतून निघून जाते. शेतात सरीच्या तोंडाशी ढेकूळ अडलं तर फावडं घेऊन माणूस उभा असतो. इथे कोण आहे?

१.३०. डबा.

३. नागमोडी खाच. वाट एकच, त्यामुळे हवेला थेंब ढकलावाच लागतो. आकडा स्थिर. पण एवढ्या लांब वाटेत दाब खर्च होतो, आणि तो देणारा ब्लोअर घटाचीच वीज खातो. टेबलावर हे खपून जातं. केपीआयटी आणि सीएसआयआरने ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यात आणली तशा इंधनघटावरच्या बसमध्ये खपणार नाही. तिथे घट एकामागे एक जोडलेले. एकात पाणी साचलं की सगळी रांग लंगडते. म्हणून नुसत्या व्होल्टेजवर प्लेट निवडणं मला पटत नाही; ब्लोअरची वीज वजा करूनच बोलावं.

५. हायड्रोजन बंद, नायट्रोजनने धुणं, नोंदवहीत आलेख. पुढची प्लेट: खाच तेवढीच, दोन खाचांमधली कड अरुंद. रुंद कडेखाली हवा पोचत नाही, फार अरुंद केली तर वीज वाहायला जागा कमी. ग्रॅफाइट ठिसूळ, कोरणाऱ्याला आजच फोन करायला हवा.